चुकलंमाकलं

२ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ६.१०

ठरलं. कंपनीला काल होकार कळवला. पुढच्या महिन्याच्या दोन तारखेला, सोमवारी सकाळी नऊला रुजू व्हायचं. हाताशी चार आठवडे आहेत आणि मास्तरांना सांगायला चार मिनिटं लागतील. म्हणजे वेळेचा प्रश्न नाही.

आजच सांगणार, चहाच्या वेळी. दोनच वाक्यं. अठरा वर्षांत काही चुकलंमाकलं असेल तर माफ करा, आणि आता मला जायची परवानगी द्या. पहिल्या वाक्यात सगळं येतं. वेगळं काही उकरत बसायची गरज नाही.

संध्याकाळी ७

नाही सांगितलं. मास्तरांना चहा पिताना ठसका लागला होता. ठसका लागलेल्या माणसाला धक्का देणं बरं दिसत नाही. उद्या.

३ फेब्रुवारी, मंगळवार

उद्या म्हटलं होतं ते आज. आज पट्टेताई समोर होत्या. खाजगी गोष्ट आहे, तिसऱ्या माणसासमोर नको.

अर्थात आमच्या वर्कशॉपमध्ये तिसरा माणूस टाळणं कठीणच. दोन खोल्या. पुढच्या खोलीत दोन लांब दांड्या आणि आरसा. नवा पाय लावलेला माणूस त्या दांड्या धरून आरशासमोर चालतो. मागच्या खोलीत प्लास्टर, ओव्हन, टेबल. पट्टेताई खिडकीत मशीनवर पायांचे पट्टे शिवतात, म्हणून पट्टेताई. बाकी सगळं मी. मास्तर पूर्वी शाळेत सुतारकाम शिकवायचे. मग शाळा सोडून कृत्रिम पाय बनवायला लागले. आता एकाहत्तर वर्षांचे आहेत. मला त्यांनीच शिकवलं. मी आलो तेव्हा मला कानस धरता येत नव्हती.

मी गेलो तर वर्कशॉप आठवडाभरही चालणार नाही. हे गर्वाने लिहीत नाही, काळजीने लिहितोय. मास्तर दोन वर्षांपूर्वीच साचे घासायचं सोडून बसलेत. आता ते फोन घेतात, पेशंटला चालायला शिकवतात, मापाच्या चिठ्ठ्या नीट लावतात. एकंदरीत त्यांच्या वयाला हे चांगलंच आहे. विश्रांती मिळते.

५ फेब्रुवारी, गुरुवार. सकाळी ६.३०

आरशासमोर प्रॅक्टिस केली. भाषण अकरा मिनिटांचं झालंय. सुरुवातीची दहा मिनिटं मास्तरांचे उपकार, मग माझी घरची परिस्थिती, मग कंपनीतलं मशीन. ते मशीन पायाभोवती नुसतं फिरवलं की माप कॉम्प्युटरवर येतं. प्लास्टर नाही, धूळ नाही. शेवटी चुकलंमाकलं. तिथे आवाज थोडा जड करायचा.

हिने बाथरूमचं दार वाजवून विचारलं की आत कोण आलंय. मग भाषण ऐकवायला लावलं. ऐकून म्हणाली की चांगलं आहे, पण नक्की चुकलंय काय? मी म्हटलं, असं म्हणायची पद्धत असते. ही म्हणाली, नुसती पद्धत असेल तर चार दिवस अन्न का उतरत नाहीये तुम्हाला?

बायकांना प्रत्येक गोष्टीत काहीतरी दिसतं. पोळीभाजी संपवली. मुद्दाम.

७ फेब्रुवारी, शनिवार

आज खरंच सुरुवात केली. पट्टेताई लवकर गेल्या होत्या. मी म्हटलं, मास्तर, जरा बोलायचं होतं. मास्तरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला, स्टूल ओढलं आणि समोर बसले. हात मांडीवर. इतकं लक्ष देऊन ऐकायला बसले की मला पुढचं वाक्यच आठवेना.

मी ओव्हनला नवा थर्मोस्टॅट हवा म्हणून सांगितलं.

ते म्हणाले, एवढंच ना, त्यात इतकं अवघडायचं काय? लगेच फोन करून मागवला. बुधवारी येतोय.

तरी कोंडी फुटली, हे महत्त्वाचं. अर्धं काम झाल्यासारखंच आहे.

९ फेब्रुवारी, सोमवार

कंपनीच्या मॅनेजरचा फोन. राजीनामा दिला का? मी म्हटलं, प्रोसेसमध्ये आहे. हा शब्द फार सोयीचा आहे. त्याने विचारलं की तुमचे सर सोडतील ना? मी म्हटलं, त्यांना जड जाईल. मॅनेजर म्हणाला, तुमच्यासारखा हात सोडणं कुणालाही जडच. फोन ठेवल्यावर बराच वेळ बरं वाटत होतं.

नवा विचार: पत्र लिहायचं. समोरासमोर बोलताना भावनांचा गोंधळ होतो.

१० फेब्रुवारी, मंगळवार

पत्र लिहिलं. अकरा वाजता मास्तरांच्या ड्रॉवरमध्ये ठेवलं. अकरा वाजून दहा मिनिटांनी काढून घेतलं. त्या दहा मिनिटांत ते ड्रॉवरपाशी दोनदा गेले. एकदा पेन्सिल घेतली, एकदा ठेवली. पत्राच्या वर ठेवली.

पत्रात भाषा जमली नव्हती, म्हणून काढलं.

११ फेब्रुवारी, बुधवार. सकाळी ५.५०

झोप नीट लागत नाही. डोकं स्वच्छ करायचं असेल तर सगळं एकदा कागदावर उतरवावं, असं कुठेतरी ऐकलंय. ही वही माझ्याशिवाय कुणी वाचत नाही. तेव्हा लिहून टाकतो आणि विषय संपवतो.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. बेकरीवाला. स्टेशनच्या रस्त्याला त्याची बेकरी आहे. अपघातात त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली गेला होता. दिवसभर काउंटरमागे उभं राहायचं काम, म्हणून पाय चोख बसायला हवा. त्याच्या उरलेल्या पायाचं माप मी घेतलं. ओल्या प्लास्टरच्या पट्ट्या गुंडाळून, सुकल्यावर काढून, आत प्लास्टर ओतून साचा केला. साचा म्हणजे त्या माणसाच्या पायाची हुबेहूब पांढरी नक्कल. मग मास्तर तो कानशीने थोडा थोडा घासणार, त्यावर गरम प्लास्टिक चढवून सॉकेट होणार. त्या सॉकेटमध्ये पाय बसतो. घासण्यात सगळी कला असते. मास्तरांचा हात म्हणजे हात होता.

तो साचा टेबलावर ठेवताना माझ्या हातून सटकला. नडगीच्या हाडाजवळचा टवका उडाला, पुरीएवढा. मास्तर बाहेर गेले होते. बेकरीवाल्याला परत बोलावून नवीन माप घ्यायला हवं होतं. पण तो दुकान बंद ठेवून आला होता. त्याला पुन्हा त्रास कशाला? मी त्या जागी प्लास्टर भरलं आणि अंदाजाने गुळगुळीत केलं. अंदाज माझा चांगला आहे.

चार एक मिलिमीटर कमी भरलं गेलं असावं.

मास्तरांनी नेहमीसारखा साचा घासला. सॉकेट झालं. हाडापाशी घट्ट. बेकरीवाला सहनशील माणूस. नवा पाय म्हटल्यावर दुखणारच, असं समजून तीन आठवडे उभा राहिला. जखम झाली, चिघळली. पाच आठवडे हॉस्पिटल. पाय आणखी दोन बोटं कापावा लागला. गुडघा वाचला, हे नशीब.

मास्तर तेव्हा म्हणाले की मी जास्त घासला, माझा हात गेला. बेकरीवाल्याच्या पलंगापाशी उभं राहून त्यालाही तसंच सांगितलं. परत आले आणि कानस माझ्याकडे दिली.

मी तेव्हा सांगणार होतो. पण त्यांनी ते इतक्या ठामपणे म्हटलं की मला वाटलं, असेलही. घासताना त्यांचाही हात थोडा जास्त पडला असेल. कुणी सांगावं? साचा तर राहिला नव्हता. सॉकेट बाहेर काढताना साचा फोडावाच लागतो. त्यामुळे पुरावा आपोआप गेला.

पुरावा हा शब्द बरोबर नाही. दुसरा सुचत नाही.

असो. लिहून झालं. आता हलकं वाटायला हवं.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

नाही वाटत.

थर्मोस्टॅट बसवला. उत्तम चालतोय.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

बेकरीवाल्याचा फोन आला होता. दोन वर्षांत पहिल्यांदा. त्याने दुसरीकडून पाय बनवून घेतला होता. तो सैल झालाय, त्यात चार चार मोजे घालून दुकानात स्टुलावर बसून राहतो. आमच्याकडे यायचं म्हणतो. एका अटीवर.

अट मास्तरांनीच मला सांगितली. म्हाताऱ्याने साच्याला हात लावायचा नाही. सगळं त्या दुसऱ्याने करायचं. हॉस्पिटलमध्ये भेटायला यायचा तो. त्याच्यावर माझा विश्वास आहे.

मास्तर म्हणाले, बरोबर आहे त्यांचं. आणि मापाच्या चिठ्ठ्या लावायला लागले.

एका अर्थी माझ्या कामाची ही पावतीच आहे. बाहेरचा माणूस, कुणाच्या सांगण्यावरून नाही, स्वतःहून म्हणतोय.

हे वाक्य लिहून दोन वेळा वाचलं. जेवलो नाही. हिला पित्त झालंय म्हणून सांगितलं.

१४ फेब्रुवारी, शनिवार

संपूर्ण नवी योजना. बेकरीवाल्याचा पाय मी असा बनवणार की पूर्वी कुणी बनवला नसेल. तो उभा राहील, चालेल, दुकानात जाईल. सगळं फिटंफाट होईल. मग सांगायचं कारणच उरणार नाही, फक्त निरोप घ्यायचा. पाय पंचवीसपर्यंत तयार, सव्वीसला परवानगी, दोनला कंपनी. टाइमटेबल करून कपाटाला आतून चिकटवलं.

१६ फेब्रुवारी, सोमवार

बेकरीवाला आला. बारीक झालाय. बरोबर त्याची बहीण होती. मास्तर त्याला बघून उठले आणि म्हणाले की मी बाहेर बसतो, तुम्ही निवांत माप द्या. बाहेर म्हणजे जिन्याच्या पायरीवर. वर्कशॉप त्यांचं. माप घेऊन होईपर्यंत, पाऊण तास, ते पायरीवर बसून होते. मागच्या दारातून त्यांची पाठ दिसत होती.

मी बेकरीवाल्याच्या पायाला ओल्या पट्ट्या गुंडाळल्या. कापल्याची नवी खूण बघितली. बोटं त्या हाडावरून फिरवावीच लागतात, त्याशिवाय माप होत नाही. बेकरीवाला गप्पा मारत होता. म्हणाला, तुम्ही तेव्हा द्राक्षं आणली होती, बहिणीला अजून आठवतं. त्या बुवांचा मला अजून राग येतो हो, पण तुम्ही काय करणार, तुम्ही तर हाताखालचे.

मी म्हटलं, पाय हलवू नका.

जाताना तो मास्तरांच्या शेजारून उतरला. मास्तर एका बाजूला सरकले.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

साचा ओतला. टेबलावर दोन्ही हातांनी ठेवला, खाली फडकं घालून. घासायला उद्या घेणार. ओला आहे.

१८ फेब्रुवारी, बुधवार

अजून दमट वाटतो. उगाच घाई नको.

मॅनेजरचा फोन. राजीनामा? म्हटलं, अंतिम टप्प्यात.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

साचा कोरडा ठणठणीत आहे. सकाळी कानस घेतली, नडगीपाशी टेकवली आणि पुढे ढकलवेना. साखर कमी झाली असेल. बिस्किटं खाल्ली. पुन्हा टेकवली. पुन्हा तेच. मग कानशीचे दात बोथट झालेत असं म्हणून ब्रशने साफ करत बसलो. पट्टेताई मशीन थांबवून बघत होत्या. म्हणाल्या, तीच कानस किती वेळा साफ करताय?

लोक लक्ष फार ठेवतात.

टाइमटेबल दोन दिवस मागे आहे. उद्या भरून काढीन. काहीही झालं तरी उद्या.

२० फेब्रुवारी, शुक्रवार. दुपारी ३.४०

आत्ताच्या आत्ता लिहून ठेवतो, नाहीतर नंतर मी हे वेगळं लिहीन.

मी साच्यासमोर उभा होतो. मास्तर आले. साच्यापासून चांगले दोन हात लांब थांबले, अट पाळून. हात पाठीमागे बांधलेले. पट्टेताई चहाला गेल्या होत्या. ते खालच्या आवाजात म्हणाले, "घाबरू नकोस. फक्त हाडाजवळ जपून. मी तिथेच चुकलो होतो."

अकरा मिनिटांचं भाषण पाठ होतं. एक शब्द आठवला नाही. मी म्हटलं, "तुम्ही नव्हता चुकलात. साचा माझ्या हातून पडला होता. तिथे मी प्लास्टर भरलं. अंदाजाने."

मला वाटलं, ऐकू गेलं नाही. पुन्हा सांगावं लागणार की काय? मग त्यांनी विचारलं, "किती भरलंस?"

"जेवढं गेलं त्यापेक्षा कमी. चार मिलिमीटर असेल."

"मी घासायच्या आधी?"

"आधी."

त्यांनी पाठीमागचे हात पुढे आणले आणि बघितले. उलटे, सुलटे. आपलेच हात, पण दुसऱ्या कुणाचे तरी बघावेत तसे. म्हणाले, "म्हणजे मी बरोबर घासला होता."

मी हो म्हटलं.

ते स्टुलावर बसले. दोन वर्षं, असं म्हणाले. ओरडले असते तर बरं झालं असतं. मी तयारी केली होती ओरडण्याची, रडण्याचीसुद्धा. त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही. बराच वेळ साच्याकडे बघत होते. मग उठून खुंटीवरचा शर्ट घातला, बटणं लावली आणि म्हणाले, चल.

मी विचारलं, कुठे? ते जिना उतरायला लागले. चप्पल घालताना मला आता ही एवढी नोंद करायला वेळ मिळालाय. मास्तर खाली उभे आहेत.

संध्याकाळी ७.१५

बेकरीत गेलो. चालत. मास्तर पुढे, मी चार पावलं मागे. एवढ्या भरभर चालताना मी त्यांना कित्येक दिवसांत बघितलं नव्हतं.

संध्याकाळच्या गिऱ्हाइकांची वेळ. बेकरीवाला स्टुलावर, गल्ल्यापाशी. मास्तरांना बघून त्याचा चेहरा बदलला. मास्तर काउंटरपासून बाजूला झाले आणि मला म्हणाले, "सांग यांना." इतकंच.

मी म्हटलं, आत जाऊन बोलूया का? मास्तर म्हणाले, इथेच सांग.

मग इथेच सांगितलं. पावाचा गरम ट्रे घेऊन एक कामगार जात येत होता, त्याला दोनदा वाट द्यावी लागली. एक बाई सुट्टे पैसे हातात धरून उभ्या होत्या, त्यांनीही सगळं ऐकलं. साचा पडला, मी भरला, कुणाला बोललो नाही, यांनी आपल्यावर घेतलं. चार वाक्यं झाली. म्हणजे चार मिनिटांचा माझा अंदाजसुद्धा चुकीचा होता. अर्धं मिनिटही लागत नाही.

बेकरीवाल्याने स्टुलाचा काठ धरला आणि उठला. सैल पाय खडखडला. मला वाटलं, मारणार. मी हलायचं नाही असं ठरवलं. हे मात्र मी खरंच ठरवलं होतं. पण तो माझ्याकडे आलाच नाही. काउंटर धरून धरून मास्तरांच्या समोर गेला. म्हणाला, "मी दोन वर्षं तुम्हाला शिव्या घातल्या. सकाळी पाय चढवताना रोज. आणि तुम्हाला जिन्यावर बसवलं."

मास्तर म्हणाले, "माझ्या वर्कशॉपमध्ये झालं. तपासायचं माझं काम होतं, मी तपासलं नाही. मला माफ करा."

तो म्हणाला, तुम्ही मला करा. मास्तर म्हणाले, नाही, तुम्ही. दोघं एकमेकांचे हात धरून उभे होते. माफ हा शब्द तिथे इतक्या वेळा झाला आणि एकदाही माझ्या दिशेने आला नाही. मी मध्येच म्हटलं की मीसुद्धा, म्हणजे मलाही. बेकरीवाल्याने मान वळवली. डोळे ओले होते, पण आवाज कोरडा. "तुम्ही जरा बाजूला व्हा. गिऱ्हाइकं खोळंबलीत."

मी बिस्किटांच्या बरण्यांपाशी उभा राहिलो.

निघताना तो मास्तरांना म्हणाला की साचा तुम्हीच घासा. मास्तर बरं म्हणाले.

२१ फेब्रुवारी, शनिवार

मास्तरांनी सकाळी माझ्या टेबलावरची कानस न विचारता उचलली. पहिला हात हलकाच फिरवला, थांबले, अंगठ्याने चाचपलं. मग लय लागली. दुपारपर्यंत भुवया, मिशा, चष्मा सगळं पांढरं. पट्टेताईंनी मशीन बंद ठेवलं होतं आणि नुसत्या बघत होत्या. मी ओव्हन साफ केला. तो साफच होता.

हिला सांगितलं. सगळं. ऐकून भांडी घासत राहिली. मग विचारलं, तेव्हा तुम्ही द्राक्षं घेऊन गेला होतात ना? मी धुऊन डब्यात भरून दिली होती. मी हो म्हटलं. कपाटाला आतून चिकटवलेलं टाइमटेबल तिला दिसलं असावं. ते आता तिथे नाही.

२३ फेब्रुवारी, सोमवार

मास्तर माझ्याशी कामापुरतं बोलतात. प्लास्टर आण. तो पाइप काप. पूर्वीही कामाचंच बोलायचे, पण मध्ये मध्ये काहीतरी असायचं. ते काय असायचं ते आठवायचा प्रयत्न करतोय.

एवढा मोठा धक्का पचवायला वेळ द्यायला हवा. बुधवारपर्यंत निवळतील. एकदा निवळले की नोकरीचं सांगीन. तेव्हा कदाचित म्हणतील, झालं गेलं सोड, तू कुठे जाऊ नकोस. मग मी काय करायचं, हा खरा प्रश्न आहे. कंपनीला नाही म्हणणं बरं दिसणार नाही. पण माणूस हात धरून थांब म्हणाला तर विचार करावा लागेल. दोन्ही बाजूंनी विचार करतोय.

२५ फेब्रुवारी, बुधवार

सांगितलं. मास्तर सॉकेटचा काठ घासत होते. मी उभा राहून म्हटलं की मला कंपनीत नोकरी मिळाली आहे, सोमवारी रुजू व्हायचंय. महिन्याच्या सुरुवातीलाच सांगायला हवं होतं. तुमची परवानगी हवी.

"जा," मास्तर म्हणाले.

कानस थांबलीसुद्धा नाही. मला वाटलं, पुढे काही येईल. मी वाट बघितली. त्यांनी फुंकर मारून धूळ उडवली आणि दुसरी बाजू घेतली. मी विचारलं की मी गेल्यावर कसं करणार तुम्ही? ते म्हणाले, मी करीन. पट्टेताईंनी खिडकीतून मान हलवली. त्यांना म्हणे जुन्या पद्धतीचं प्लास्टर ओतता येतं, माझ्या आधी त्याच ओतायच्या. अठरा वर्षांत मला हे कुणी सांगितलं नाही. मी विचारलंही नसेल.

मग मी ते दुसरं विचारलं. चुकलंमाकलं असं नाही म्हटलं. साचा, हॉस्पिटल, तुमचे हात, या सगळ्याबद्दल मला माफ कराल का, असं विचारलं. आवाज जड करायचं लक्षातच राहिलं नाही.

या वेळी कानस थांबली. त्यांनी चष्मा काढला, शर्टाने पुसला. शर्टावरही धूळ, त्यामुळे काचा आणखी पांढऱ्या झाल्या. तसाच परत घातला. म्हणाले, "जायला काय, जा तू. ते दुसरं आज नाही जमत मला."

मी म्हटलं, उद्या?

"माहीत नाही रे."

रे म्हणाले. पाच दिवसांत पहिल्यांदा. यावरून काही ठरवायचं नाही, असं मी ठरवलंय.

२८ फेब्रुवारी, शनिवार

बेकरीवाल्याच्या पायाचा ट्रायल. मी खाली बसून पाऊल घट्ट केलं, उंची जुळवली, पट्टा मास्तरांनी बांधला. तो दांड्या धरून उभा राहिला. एक फेरी. मास्तर म्हणाले, हात सोडा. त्याने सोडले. आरशाकडे बघत दुसरी फेरी. वळला. तिसरीला मास्तरांनी विचारलं की हाडापाशी कसं वाटतंय. तो म्हणाला, काहीच वाटत नाही. मास्तर भिंतीला टेकले.

मी अजून खालीच बसलो होतो, हातात पाना. उठायला निमित्त सापडेना. बेकरीवाला चौथ्या फेरीला माझ्यापाशी थांबला. मला वाटलं, आता. तो म्हणाला, उजवीकडे पाऊल थोडं बाहेर पडतंय का? मी बघितलं. खरंच पडत होतं. स्क्रू अर्धा आटा फिरवला. तो म्हणाला, आता बरोबर, आणि पुढे गेला.

संध्याकाळी माझं सामान पिशवीत भरलं. कमी निघालं. मास्तर पुढच्या खोलीत दांड्या पुसत होते. पाया पडलो. त्यांनी पाठीवर हात ठेवला की नाही, ते कळलं नाही. पुसायचं फडकं लागलं असेल. विचारलं, सोमवारी किती वाजता? म्हटलं, नऊ. म्हणाले, वेळेवर पोच.

२ मार्च, सोमवार. दुपारी १.२०

कंपनी. साडेआठलाच पोचलो. दार नऊला उघडतं.

मशीन बघितलं. पायाभोवती फिरवतात, आकृती स्क्रीनवर येते, चूक झाली तर एक बटण दाबून मागे जाता येतं. शिकवणाऱ्या मुलीने मला ते तीन वेळा करून दाखवलं. मी चौथ्यांदा दाखवायला सांगितलं.

जेवणाआधी ऑफिसात फॉर्म भरायला दिला. नाव, पत्ता, शिक्षण, अनुभव. अनुभव अठरा वर्षं. खाली रकाना होता, आधीची नोकरी सोडण्याचं कारण. प्रगतीसाठी, असं लिहायचं घरून ठरवून आलो होतो. पेन टेकवलं आणि बराच वेळ तसाच बसलो. शेवटी लिहिलं, परवानगी मिळाली.

ऑफिसातल्या बाईंनी वाचलं. म्हणाल्या, अहो, हे कारण नाही झालं. मी म्हटलं, मला दुसरं माहीत नाही. त्यांच्याकडे मागे रांग होती. त्यांनी ते खोडलं आणि वर स्वतःच्या अक्षरात लिहिलं, वैयक्तिक. मग मला सही करायला सांगितली.

केली.